समुद्रापलीकडचे पहिले वर्ष : रामानुजन यांची केंब्रिजची तयारी आणि तिथला संसार

मद्रासच्या बंदरातून १७ मार्च १९१४ रोजी सकाळी एक बोट इंग्लंडकडे निघाली. प्रवरेकाठच्या गावामुळे मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल असे तिचे नाव होते, ‘नेवासा’. या बोटीत बंदर कार्यालयातील एक माजी कारकून होता. वय सव्वीस, शिक्षण इंटरच्या परीक्षेत नापास आणि अंगावर नुकताच शिवलेला, अजून न सरावलेला विलायती पोशाख. श्रीनिवास रामानुजन यांचे नाव आज गणिताच्या इतिहासात आदराने घेतले जाते. त्यांचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, देशात राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. त्यांची प्रमेये, सूत्रे आणि विलक्षण स्मरणशक्ती यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र हा मनुष्य परदेशी जायला तयार कसा झाला, निघण्यापूर्वी त्याने काय काय सोडले आणि तिथे पोहोचल्यावर पहिल्या वर्षात आपला संसार कसा मांडला, ही कहाणी तुलनेने मागे राहिली. रामानुजन यांच्या पुढच्या यशाची आणि अकाली मृत्यूचीही बीजे त्याच वर्षात सापडतात.

कुंभकोणमचे घर आणि बंदरातील नोकरी

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे आजोळी झाला. वडील कुंभकोणममध्ये एका कापड दुकानात हिशेबनीस होते. आई कोमलताम्माळ मंदिरात भजने गात असत. घर वैष्णव अय्यंगार ब्राह्मणांचे, आचारविचार कडक आणि उत्पन्न बेताचे होते. शाळेत हुशार ठरलेला हा मुलगा गणितात इतका बुडाला की कॉलेजातील इतर विषयांत तो वारंवार अनुत्तीर्ण झाला. आधी कुंभकोणममधील शिष्यवृत्ती गेली, नंतर मद्रासमधील पदवीची वाट बंद झाली. १९०९ मध्ये जानकी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी वधूचे वय दहा वर्षांच्या आसपास होते.

संसाराची जबाबदारी आली आणि नोकरीचा शोध सुरू झाला. वह्या बगलेत घेऊन ते एकामागून एक माणसे गाठत राहिले. नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांनी काही काळ दरमहा २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले. मार्च १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपये पगाराची कारकुनी मिळाली. तिथले वरिष्ठ अधिकारी एस. नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते. संध्याकाळी दोघेही पाट्या घेऊन बसत आणि गणिते सोडवीत. कागद महाग असल्याने रामानुजन यांचे बहुतेक काम पाटीवरच चाले. लिहिलेले ते कोपराने पुसत आणि वहीत फक्त निष्कर्ष उतरवीत.

नारायण अय्यर आणि पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्या प्रोत्साहनाने रामानुजन यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमधील गणितज्ञ गॉडफ्री हॅरॉल्ड हार्डी यांना पत्र लिहिले. सोबत प्रमेयांची पाने जोडली होती. हार्डी आणि त्यांचे सहकारी जॉन लिटलवुड यांनी ती पाने तपासली आणि हा मनुष्य असामान्य आहे, अशी त्यांची खात्री पटली. त्याला इंग्लंडला आणण्याचे प्रयत्न त्यांनी लगेच सुरू केले. मद्रासमधील संबंधित अधिकाऱ्याने रामानुजन यांना विचारणा केली. उत्तर नकाराचे आले.

नकारामागची कारणे

हा नकार संकोचातून आलेला नव्हता. त्या काळातील सनातनी ब्राह्मण कुटुंबासाठी समुद्र ओलांडणे म्हणजे जातीबाहेर पडणे होते. परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे आणि तेवढ्यानेही सर्व दारे पुन्हा उघडतील याची हमी नसे. लग्नकार्यात पान मांडले जाईल की नाही, श्राद्धाला कोणी येईल की नाही, असे प्रश्न सगळ्या कुटुंबापुढे उभे राहत. जेवणाचा प्रश्न तर वेगळाच होता. परक्याच्या हातचे शिजलेले न खाणाऱ्या माणसाने महिनाभराचा जलप्रवास आणि पुढची वर्षे कशी काढायची? आईचा विरोध हा सर्वांत मोठा अडथळा होता.

दरम्यान, मद्रासमध्येच त्यांची सोय लागली. सिमल्याहून आलेले हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी त्यांचे काम पाहून विद्यापीठाकडे शिफारस केली. १ मे १९१३ पासून मद्रास विद्यापीठाने त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. कारकुनी सुटली आणि पूर्ण वेळ गणितासाठी मिळू लागला. घर, आई, पत्नी, देऊळ आणि हाताशी असलेले ग्रंथालय यांत ते समाधानी होते.

१९१४ च्या आरंभी ट्रिनिटीचे तरुण गणितज्ञ एरिक नेव्हिल व्याख्यानांसाठी मद्रासला आले. रामानुजन यांचे मन वळवण्याची कामगिरी हार्डींनी त्यांच्यावर सोपवली होती. दोघांच्या काही भेटी झाल्या. रामानुजन यांनी आपल्या वह्या नेव्हिल यांच्या हाती दिल्या. एवढा विश्वास बसल्यावर नेव्हिल यांनी चाचरतच इंग्लंडचा विषय काढला, तेव्हा विरोध मावळलेला असल्याचे पाहून त्यांना आश्चर्य वाटले.

हा बदल कसा झाला याविषयी दोन कथा सांगितल्या जातात. एका कथेनुसार, आईला स्वप्नात आपला मुलगा युरोपीय मंडळींमध्ये बसलेला दिसला आणि नामक्कलच्या नामगिरी देवीने त्याच्या मार्गात आड न येण्याची आज्ञा केली. दुसऱ्या कथेनुसार, रामानुजन यांनी नारायण अय्यर यांच्यासह नामक्कलला जाऊन देवळात तीन रात्री मुक्काम केला आणि त्यांना स्वतःलाच दृष्टांत झाला. कथा कोणतीही खरी मानली, तरी त्यातून एक गोष्ट निश्चित होते. निर्णय कुटुंबाला आणि देवाला विचारूनच झाला. रामानुजन यांनी परंपरा झुगारली नाही, तिच्याकडून परवानगी मिळवली.

पैसा, पोशाख आणि शेंडी

संमती मिळाली तरी खर्चाचा प्रश्न उरला होता. नेव्हिल यांनी विद्यापीठाला आवर्जून पत्र लिहिले, सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्यापर्यंत शब्द पोहोचवला. काही आठवड्यांतच विद्यापीठाने दोन वर्षांसाठी वार्षिक २५० पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली. प्रवासखर्च आणि कपडे आदी तयारीसाठी १०० पौंड वेगळे मिळाले. पौंडाला १५ रुपये या त्या वेळच्या दराने ही शिष्यवृत्ती दरमहा तीनशे रुपयांहून अधिक होत होती. दोन वर्षांपूर्वी ३० रुपयांवर खर्डेघाशी करणाऱ्या माणसासाठी ही रक्कम मोठी होती. यातील वर्षाला ५० पौंड, म्हणजे महिन्याला सुमारे ६० रुपये, परस्पर आईकडे पोहोचावेत अशी व्यवस्था रामानुजन यांनी निघण्यापूर्वीच करवून घेतली.

नेव्हिल यांनी हार्डींना कळवून केंब्रिजमधील व्यवस्था मार्गी लावली. मद्रासमधील तयारी प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक रिचर्ड लिटलहेल्स, रामचंद्र राव आणि इतर हितचिंतकांनी अंगावर घेतली. आयुष्यभर धोतर नेसलेल्या आणि अनवाणी किंवा साध्या वहाणांनी वावरलेल्या माणसाला कोट, पाटलोण, कॉलर, टाय, मोजे आणि बूट घ्यायचे होते. काट्या-चमच्याने जेवण्याचा सरावही करवण्यात आला. पदार्थ शाकाहारीच असावेत आणि वाढणाराही विश्वासाचा असावा, एवढी अट त्यांनी घातली. बोटीवर शाकाहारी जेवण मिळेल याची तजवीज सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी बोटीच्या एजंटांकडे केली होती.

सर्वांत कठीण गोष्ट शेंडीची होती. विलायती टोपीखाली ती राहणार नव्हती आणि ती कापावीच लागेल, असा रामचंद्र राव यांचा आग्रह होता. रामानुजन यांनी आई आणि पत्नीला आधीच कुंभकोणमला पाठवून दिले होते. आपले बदललेले रूप त्यांनी पाहू नये, हा त्यामागचा हेतू होता. शेंडी कापली गेली. जवळच्यांच्या आठवणींनुसार हा क्षण त्यांना फार जड गेला. जानकी त्या वेळी पंधरा वर्षांच्याही नव्हत्या. त्यांना सोबत नेण्याचा विचार झाला नाही.

निरोपाला विद्यापीठातील आणि बंदर कार्यालयातील मंडळी आली होती. नारायण अय्यर यांच्या कुटुंबात एक आठवण जपली गेली आहे. जाण्यापूर्वी दोघांनी आपापल्या पाट्यांची अदलाबदल केली. रामानुजन जवळ नसतील तेव्हा त्यांची पाटी तरी प्रेरणा देईल, असे अय्यर यांना वाटत होते.

लंडन, नेव्हिल यांचे घर आणि ट्रिनिटी

बोट लागल्यामुळे पहिले काही दिवस त्रासाचे गेले, त्यानंतर प्रवास सुखाचा झाला. सुएझ कालव्यातून पुढे जात चार आठवड्यांनी, १४ एप्रिल १९१४ रोजी, ‘नेवासा’ लंडनला पोहोचली. घ्यायला नेव्हिल मोटार घेऊन आले होते. सुरुवातीचे दिवस लंडनमधील क्रॉमवेल रोडवर, नव्याने आलेल्या हिंदी विद्यार्थ्यांना उतरवून घेणाऱ्या वास्तूत गेले. १८ एप्रिल रोजी ते केंब्रिजला पोहोचले आणि चेस्टरटन रोडवरील नेव्हिल दाम्पत्याच्या घरी राहिले.

हा मुक्काम जेमतेम दोन महिन्यांचा असला तरी त्याचे महत्त्व मोठे होते. नव्या देशातील रीतिरिवाज, विद्यापीठातील कागदपत्रे, दुकाने, टपाल, ऋतुमान या साऱ्या गोष्टी समजावून सांगणारे आपुलकीचे घर त्यांना मिळाले. जून महिन्यात ते ट्रिनिटी कॉलेजच्या ह्युएल्स कोर्ट या इमारतीत राहायला गेले. हार्डींच्या खोल्या तिथून हाकेच्या अंतरावर होत्या. येणे-जाणे सोपे व्हावे म्हणूनच हा बदल झाला.

अभ्यासाच्या बाबतीत ते लवकर रुळले. हार्डींशी जवळजवळ रोज भेट होत असे. लिटलवुड यांच्याशीही चर्चा चालत. काही व्याख्यानांना ते हजर राहत. एकदा आर्थर बेरी यांच्या वर्गात फळ्यावर सूत्रे मांडली जात होती आणि रामानुजन यांचा चेहरा उत्साहाने उजळला होता. काही सांगायचे आहे का, असे बेरी यांनी विचारले. त्यावर रामानुजन उठून फळ्याजवळ गेले आणि बेरी यांनी अद्याप सिद्ध न केलेले निष्कर्ष त्यांनी लिहून दाखवले. या प्रसंगाची केंब्रिजमध्ये बरीच चर्चा झाली.

मात्र त्यांना शिकवावे तरी काय आणि किती, हा पेच हार्डींपुढे होता. आधुनिक गणितात सिद्धतेला जे स्थान होते, त्याची रामानुजन यांना पुरेशी कल्पना नव्हती. ती दिली नाही तर त्यांचे काही निष्कर्ष चुकीचे ठरण्याचा धोका होता आणि जास्त शिस्त लावली तर अंतःप्रेरणेचा झरा आटण्याची भीती होती. हार्डींनी मध्यम मार्ग काढला. आवश्यक तेवढे शिकवले, बाकीचे त्यांच्या चालीने चालू दिले. आपण त्यांना जितके शिकवले त्याहून अधिक त्यांच्याकडून शिकलो, असे हार्डींनी पुढे मान्य केले.

‘पाय’ची किंमत काढण्याच्या पद्धतींवरील त्यांचा मोठा लेख १९१४ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यातील सतरा श्रेणींपैकी एक वापरून १९८५ मध्ये संगणकाद्वारे ‘पाय’चे १ कोटी ७० लाखांहून अधिक अंक काढण्यात आले. १९१५ मध्ये अतिविभाज्य संख्यांवरील प्रबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच संशोधनावर मार्च १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना पदवी दिली. मद्रासमध्ये परीक्षेअभावी अडलेली पदवी अशी दोन वर्षांत हाती आली.

चूल, चिंच आणि पांघरुणे

गणितात त्यांना सोबती मिळाला. जेवणात, थंडीत आणि एकटेपणात तसा कोणी मिळाला नाही. ट्रिनिटीच्या भोजनगृहातील शाकाहार म्हणजे उकडलेल्या भाज्या आणि बटाटे. त्यातही तळणीसाठी प्राण्यांची चरबी वापरली असेल, अशी शंका त्यांना येई. म्हणून त्यांनी खोलीतच गॅसवर स्वयंपाक सुरू केला. हार्डींनी नोंदवल्याप्रमाणे, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी ते बाहेरचे कपडे उतरवून पायजमा घालत. घरच्या सोवळ्याचेच हे केंब्रिजमधील रूप होते. पायांना बुटांचा त्रास होई, त्यामुळे खोलीत ते सपाता घालून वावरत.

सामान मिळवणे हे रोजचे काम होऊन बसले. तांदूळ आणि काही जिन्नस इंग्लंडमध्ये मिळत, पण दक्षिणेकडच्या जेवणाची चव ज्यावर उभी असते ते पदार्थ मद्रासहूनच यावे लागत. जानेवारी १९१५ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी चिंचोके काढलेली चिंच आणि चांगले खोबरेल तेल डब्यात बंद करून टपालाने पाठवायला सांगितले. जगातील अग्रगण्य गणितज्ञांसोबत काम करणाऱ्या या माणसाचे रोजचे जेवण अशा रीतीने हजारो मैलांवरून येणाऱ्या एका डब्यावर अवलंबून होते.

त्या पहिल्या वर्षाचे जवळून दर्शन घडते ते प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या आठवणींतून. पुढे कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे महालनोबिस तेव्हा केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये शिकत होते. दोघांची मैत्री जमली आणि रविवारी ते एकत्र फिरायला जाऊ लागले. थंडी सुरू झाल्यावर एकदा महालनोबिस त्यांच्या खोलीवर गेले, तेव्हा रामानुजन शेकोटीच्या अगदी जवळ बसलेले होते. रात्री ऊब मिळते का, या प्रश्नावर उत्तर आले की, अंगात ओव्हरकोट घालून आणि वर शाल गुंडाळूनही गारठा जात नाही. पांघरुणे कमी आहेत का हे पाहायला महालनोबिस आतल्या खोलीत गेले. पलंगावर पुरेशी ब्लँकेटे होती. मात्र इंग्रजी रीतीप्रमाणे ती गादीखाली घट्ट खोचलेली होती आणि त्यांच्या आत शिरून झोपायचे असते, हे रामानुजन यांना कोणी सांगितलेच नव्हते. ते पलंगावर अंथरलेल्या चादरीखाली, पण सगळ्या ब्लँकेटांच्या वर झोपत होते. महालनोबिस यांनी पांघरुणाची घडी मोडून ते कसे घ्यायचे हे दाखवले.

या प्रसंगाकडे अनेकदा गमतीने पाहिले जाते. प्रत्यक्षात तो गमतीचा नाही. कोट कसा घालावा, काटा कसा धरावा हे शिकवायला मद्रासमध्ये अनेक जण पुढे आले होते. चारचौघांत दिसणाऱ्या गोष्टींची तयारी झाली होती. दार लावून घेतल्यानंतर माणूस कसा झोपतो, काय खातो, आजारी पडला तर कोणाला हाक मारतो, ही तयारी राहून गेली होती. विचारण्याचा संकोच असल्याने रामानुजन यांनी कुडकुडत रात्री काढल्या.

महालनोबिस यांनी सांगितलेली दुसरी आठवण प्रसिद्ध आहे. रामानुजन गॅसवर भाजी ढवळत होते आणि महालनोबिस टेबलाशी बसून ‘स्ट्रँड’ मासिकाचा डिसेंबर १९१४ चा अंक वाचत होते. त्यातील कोडे बेल्जियममधील लुव्हेन शहराच्या एका रस्त्याविषयी होते. एका ओळीत घरांना एकपासून क्रमांक दिले आहेत. एका घराच्या डावीकडील सर्व क्रमांकांची बेरीज उजवीकडील क्रमांकांच्या बेरजेइतकी आहे. घरे पन्नासपेक्षा अधिक आणि पाचशेपेक्षा कमी असतील, तर त्या घराचा क्रमांक काय? महालनोबिस यांनी थोड्या खटपटीने उत्तर काढले : एकूण २८८ घरे आणि घर क्रमांक २०४. रामानुजन यांनी भाजी ढवळता ढवळताच अशा सर्व शक्य उत्तरांना एकत्र बांधणारा अखंड अपूर्णांक सांगितला. आठ घरांच्या ओळीतील सहावे घर, हे त्याच मालिकेतील एक छोटे उत्तर. कोडे ऐकताच उत्तर अखंड अपूर्णांकाच्या रूपात असणार हे उघड दिसले, असे त्यांनी साधेपणाने सांगितले. हातात कढई आणि डोक्यात गणित, अशी त्यांची त्या वर्षाची दिनचर्या या एका दृश्यात सामावलेली आहे.

युद्धाने आवळलेला फास

लुव्हेनचे नाव कोड्यात येणे हा योगायोग नव्हता. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्धाला तोंड फुटले होते आणि जर्मन सैन्याने ते शहर व तेथील ग्रंथालय जाळले होते. रामानुजन यांना येऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. ट्रिनिटीच्या नेव्हिल्स कोर्टमधील कमानींखाली जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. विद्यार्थी आणि अध्यापक सैन्यात गेले. लिटलवुड पुढे तोफखान्याच्या गणिती कामासाठी निघून गेले. सप्टेंबरमध्ये आईला लिहिलेल्या पत्रात रामानुजन यांनी धीर दिला. युद्ध शेजारच्या देशात चालले आहे, इथे काही नाही, अशा आशयाचा मजकूर त्यांनी लिहिला. घरच्यांनी काळजी करू नये म्हणून परदेशी असलेला मुलगा नेहमी लिहितो, तसेच ते पत्र होते.

युद्ध लांबत गेले तसे समुद्रमार्ग धोक्याचे झाले. टपाल उशिरा येऊ लागले, भाजीपाला आणि दूध दुर्मीळ झाले. महालनोबिस १९१५ मध्ये मायदेशी परतले. दोन वर्षांचा नियोजित मुक्काम पाच वर्षांचा झाला. घरून येणारी पत्रेही दिलासा देईनाशी झाली. सासू-सुनेत बेबनाव वाढला होता. पती-पत्नींची परस्परांना लिहिलेली पत्रे मध्येच अडवली जात होती, असे जानकी यांनी पुढे सांगितले. पत्र येत नाही, याचा अर्थ दोघांनीही वेगवेगळा लावला.

एकट्याने रांधायचे, काम रंगात आले की रांधणे टाळायचे, कित्येक तास सलग बसायचे आणि नंतर वेळीअवेळी झोपायचे, ही पहिल्या वर्षी पडलेली सवय पुढे बदलली नाही. हार्डी त्यांच्यासोबत रोज काम करत, पण खासगी बाबतीत लक्ष घालणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. १९१७ च्या वसंत ऋतूत रामानुजन गंभीर आजारी पडले. त्यानंतरचा इंग्लंडमधील बहुतेक काळ रुग्णालये आणि आरोग्यधामे यांत गेला. डॉक्टरांनी क्षयाचे निदान केले. अलीकडच्या काही संशोधकांनी त्या काळच्या नोंदींचा अभ्यास करून यकृतातील आमांशाच्या संसर्गाची शक्यता वर्तवली आहे. मूळ रोग कोणताही असला, तरी अपुऱ्या आहाराने शरीर आधीच खंगले होते.

सन्मान आले तेही याच काळात. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि त्याच वर्षी ट्रिनिटीची फेलोशिप मिळवणारे पहिले भारतीय ठरले.

परतीचा किनारा

फेब्रुवारी १९१९ मध्ये रामानुजन इंग्लंडहून निघाले आणि २७ मार्च रोजी मुंबईच्या बंदरात उतरले. आई आणि भाऊ घ्यायला आले होते. त्यांची नजर प्रथम पत्नीला शोधत होती, पण जानकी तिथे नव्हत्या. पुढे मद्रासमध्ये त्या आल्या आणि पतीची शुश्रूषा अखेरपर्यंत त्यांनीच केली. वेदनांच्या काळातही गणित थांबले नाही. १९२० च्या जानेवारीत त्यांनी हार्डींना पत्र लिहून एका नव्या प्रकारच्या फलनांची माहिती कळवली. ‘मॉक थीटा’ नावाने ओळखली जाणारी ही फलने आजही संशोधनाचा विषय आहेत. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेटपेट भागात वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

समुद्र ओलांडल्याबद्दलचे प्रायश्चित्त प्रकृतीमुळे राहून गेले होते. त्यामुळे काही सनातनी नातलगांनी अंत्यविधीकडे पाठ फिरवली. ज्या भीतीपोटी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजला नकार कळवला होता, ती अशी शेवटच्या दिवशी खरी ठरली.

आज परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यासमोर जातबहिष्काराचे संकट नाही आणि घरच्या मसाल्यांसाठी महिनाभर टपालाची वाट पाहावी लागत नाही. प्रवेश, शिष्यवृत्ती, व्हिसा, विमानाचे तिकीट यांची यादी घरोघरी काटेकोरपणे केली जाते. रामानुजन यांच्या वेळीही यादी चोख होती आणि ती करणारी माणसे मनापासून झटली होती. त्या यादीत जेवणाला सोबत आणि झोपताना ऊब या दोन बाबी सुटल्या. जानकी यांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणींनुसार, आजारपणात रामानुजन त्यांना वारंवार एकच गोष्ट म्हणत असत. तू सोबत आली असतीस तर मी आजारी पडलो नसतो, असे त्यांना वाटत होते. जानकी त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षे जगल्या. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.